सायकलमार्गांचं जाळं आखताना

नकाशावर आधी शाळा, स्टेशन, बाजार आणि मंजुरीच्या वाटेवरच्या वसाहती मांडा. त्यांना सरळ रेषांनी जोडा, मग त्या रेषा जवळच्या रस्त्यांवर बसवा. दाट वस्तीत दोन समांतर मार्गांमध्ये ५०० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. नव्या वसाहतीचा आराखडा मंजूर होण्याआधीच जागा राखून घ्या. कुंपणाच्या भिंती उभ्या राहिल्या की ती परत मिळवणं फार कठीण.

वर्दळ कमी आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असेल, तर वेगळा मार्ग लागत नाही. मोठ्या रस्त्यावर मात्र रंगवलेला पट्टा पुरत नाही, मधे कठडा हवाच. एकेरी मार्ग २ मीटर, दुहेरी ३ ते ४ मीटर रुंद. शेजारी गाड्या उभ्या राहत असतील तर आणखी एक मीटर सोडा, नाहीतर अचानक उघडलेलं दार थेट हँडलवर आदळतं.

जाळं तुटतं ते बहुतेक चौकात. मार्ग चौकाच्या अलीकडे संपवू नका, पलीकडेपर्यंत न्या. कोपऱ्याची गोलाई कमी ठेवा, म्हणजे वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो. सायकलींची थांबरेषा गाड्यांच्या पुढे आखा.

आणि गटारांच्या जाळ्या स्वतः जाऊन पाहा: पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या फटीत पुढचं चाक अडकतं.