मुलाच्या उपचारासाठी महात्मा फुले योजना: या चुका टाळा

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्रच राबवतात. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. तरी लेकराच्या ऑपरेशनसाठी दागिने गहाण टाकणारे आईबाप दिसतातच, कारण बऱ्याचदा योजना आठवते ती पैसे भरून झाल्यावर.

ही चूक सगळ्यात महागात पडते. मुलाला धाप लागलेली, कॅज्युअल्टीत धावपळ, काउंटरवरून 'डिपॉझिट भरा' असं सांगतात आणि आपण भरतो. केस एकदा रोखीची म्हणून नोंदली गेली, की ती योजनेत घालताना नाकी नऊ येतात. म्हणून पहिला प्रश्न एकच: आरोग्यमित्र कुठे बसतात? आरोग्यमित्र म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणारा माणूस; योजनेतल्या रुग्णालयात त्यांचं टेबल असतंच. कागद घरी राहिले असतील तर तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेता येते. कागद मागाहून द्यायचे, पण त्याची मुदत तिथेच विचारून घ्या.

दुसरा घोळ नावांचा. मूल शाळेत जायला लागलं तरी रेशनकार्डावर त्याचं नाव चढलेलं नसतं. किंवा आधारवर 'ओंकार' आणि रेशनकार्डावर 'ओमकार'. तान्ह्या बाळाचं नाव नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा फोटो घेऊन आरोग्यमित्रांना भेटा, तेवढ्यासाठी परत फिरू नका. मोठ्या मुलाचं नाव मात्र आजारपणाआधीच तहसील कार्यालयातून चढवून घ्या. मूल ५ वर्षांचं झालं की आधारवर बोटांचे ठसे द्यावे लागतात; हे हमखास राहून जातं.

'रुग्णालय योजनेत आहे' एवढ्यावर गाडी करून निघू नका. हाडांच्या ऑपरेशनसाठी पॅनेलवर असलेल्या ठिकाणी हृदयातल्या छिद्राचं ऑपरेशन योजनेतून होईलच असं नाही. आधी योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ वर, आजाराचं नाव सांगून विचारा.

सर्दी-खोकल्याची ओपीडी यात बसत नाही. त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

जन्मजात व्यंग असेल तर आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी पालकांना ठाऊक असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणारं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष आढळले तर पुढे पाठवायची चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरातच चुरगळून जाते. पथक आलं त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि संध्याकाळी दप्तर बघा.

मंजुरी मिळूनही बाहेरून औषधं आणायला लावली तर पावती जपून ठेवा आणि मूल दाखल असतानाच १५५३८८ किंवा आयुष्मान भारतच्या १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार करा. घरी गेल्यावर केलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करणं जड जातं.