नॉचखाली हरवलेला मराठी कीबोर्ड

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांचा फॉर्मा सकाळी छापखान्यात जायचा होता. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि मॅकच्या पडद्यावरचं कीबोर्ड मराठी करायचं वरचं चिन्हच गायब. गंमत म्हणजे फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फायली बघायच्या खिडकीत, गेलं की ते दिसायचं, पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये परत आलं की नाही. मी दोनदा मॅक रीस्टार्ट केला, नशिबाला चार शब्द सुनावले आणि शेवटी भाच्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "मावशी, वर आयकॉन किती आहेत गं?"

मोजले. 19.

माझा मॅकबुक एअर 2022 चा, एम2 चिपचा. त्याच्या पडद्याला वर मधोमध कॅमेऱ्याची खाच आहे, तोच तो नॉच. पडद्याच्या वरच्या पट्टीत, म्हणजे मेन्यूबारमध्ये, डावीकडून चालू अॅपचे मेन्यू येतात आणि उजवीकडून आयकॉन. इनडिझाइनची फाइल, एडिट, लेआउटपासून हेल्पपर्यंतची वरात लांबलचक, त्यात मधली जागा खाचेने खाल्लेली. जागा संपली की सगळ्यात डावीकडचे आयकॉन दिसेनासे होतात. ना बाण, ना सूचना. आणि नवीन अॅपचा आयकॉन साधारणपणे डाव्या टोकालाच येऊन बसतो, त्यामुळे आज टाकलेलं अॅप आजच हरवतं.

त्या रात्री उपयोगी पडलं ते असं. फाइंडरवर यायचं, कारण त्याचे मेन्यू आखूड. कमांडचं बटण दाबून धरायचं आणि हवा तो आयकॉन माउसने ओढत उजवीकडे, घड्याळाच्या जवळ न्यायचा. घड्याळ आणि कंट्रोल सेंटर जागचे हलत नाहीत, त्यांच्या शेजारची जागा पहिल्या रांगेची. तिथे मी कीबोर्डचा आयकॉन बसवला. शिवाय कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलायची सवय लावून घेतली, म्हणजे चिन्ह दिसलं नाही तरी हात अडत नाही. हा शॉर्टकट चालला नाही तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो चालू आहे का ते बघा.

मग सुट्टीच्या दिवशी झाडलोट. ब्लूटूथसारखे मॅकचे स्वतःचे आयकॉन कमांड धरून बारच्या बाहेर ओढून सोडले की जातात. बाकीच्या अॅपचं तसं नाही. बऱ्याच अॅपच्या सेटिंगमध्ये मेन्यूबारमधला आयकॉन बंद करायची सोय असते, ती शोधावी लागते. मॅकची प्रणाली मॅकओएस टाहो असेल तर सिस्टम सेटिंग्जमध्ये मेन्यूबारचा वेगळा विभागच आहे, तिथे एकेका अॅपचा आयकॉन बंद करता येतो. जनरलखालची लॉगिन आयटम्सची, म्हणजे मॅक सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या गोष्टींची, यादीही उघडून बघा. माझ्याकडे विकून टाकलेल्या प्रिंटरचं अॅप रोज सकाळी इमानदारीने उठत होतं.

खरी गर्दी मात्र मीच केली होती. मॅकवर किती भार आहे ते मेन्यूबारमध्ये आकड्यांत दाखवणारं स्टॅट्स हे फुकट, ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) अॅप टाकलं आणि हौसेने सगळं चालू केलं: सीपीयू, जीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क, तापमान, बॅटरी. सात आकडे डोक्यावर नाचत होते. एकेकासमोर थांबून स्वतःला विचारलं, हा आकडा बघून मी आजवर काही केलंय का? तापमान घ्या. एम2 एअरला पंखाच नाही. आकडा वाढला तर मी काय करणार, पुठ्ठ्याने वारा घालणार? शिवाय सेन्सर आणि ब्लूटूथ हे भाग सर्वात खर्चिक, असं स्टॅट्सच्या माहितीतच लिहिलेलं आहे. म्हणजे मॅकवर भार किती हे बघण्यासाठी मीच भार टाकत होते.

ठेवली ती फक्त मेमरी. माझा मॅक 8 जीबीचा, त्यात इनडिझाइन, फोटोशॉप आणि ब्राउझर एकदम उघडे. पण "80 टक्के वापरली" या आकड्याला घाबरू नका. रिकामी पडलेली मेमरी मॅक आपणहून फायली साठवायला वापरतो आणि गरज पडली की मोकळी करतो. बघायचं ते मेमरी प्रेशर, म्हणजे मेमरीवर खरा ताण किती ते. स्टॅट्समध्ये रंग प्रेशरवरून ठरेल असं केलं आणि आकडा दर सेकंदाऐवजी पाच सेकंदांनी बदलेल असं ठेवलं. हिरवा असेल तर काम चालू. पिवळा झाला की ब्राउझरच्या खिडक्या बंद. लाल झाला तर आधी फाइल सेव्ह, मग बाकीचं. डिस्क, नेटवर्क कधीतरीच लागतं, त्याला मॅकमधला अॅक्टिव्हिटी मॉनिटर पुरतो.

उरलेले आयकॉन लपवायला दोन ओपन सोर्स अॅप वापरून पाहिली. हिडन बारची युक्ती साधी आहे: बारमध्ये एक उभी रेघ ठेवतं, आणि ती रेघ इतकी रुंद होते की तिच्या डावीकडचे सगळे पडद्याबाहेर ढकलले जातात. दुसरं अॅप, आइस, लपलेले आयकॉन मेन्यूबारखाली वेगळ्या पट्टीत दाखवतं, नॉचवाल्यांना हे जास्त सोयीचं. पण त्यासाठी ते स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतं. माझ्या पडद्यावर लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं असतात, मी हिडन बारवर थांबले.

एक मात्र करा: ही मांडामांड लॅपटॉपच्याच पडद्यावर, बाहेरचा मॉनिटर काढून करा. मॉनिटरला खाच नसते, तिथे सगळं नीट बसलेलं दिसतं, आणि केबल काढली की कीबोर्ड पुन्हा गायब.