तीन सॅडल, सहा तारा: टेलिकास्टरचं इंटोनेशन लावताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात नागपुरातल्या इंदोऱ्याचा एक मुलगा टेलिकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, घेऊन माझ्याकडे आला. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. "चार नंबर लावली तं तीन नंबर चढते जी. तीन लावली तं चार उतरते. काहून होते असं?" दोन दिवस तो मधल्या सॅडलचा (तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याचा) स्क्रू मागेपुढे फिरवत होता. स्क्रूचं डोकं झिजत आलं होतं, पण गिटारमध्ये बिघाड काहीच नव्हता.

फेंडरने १९५० साली आणलेल्या या ब्रिजमध्ये, म्हणजे तारांची मागची टोकं पेलणाऱ्या भागात, तीनच सॅडल असतात. एकेका सॅडलवर दोन तारा बसतात: सहावी-पाचवी, चौथी-तिसरी आणि दुसरी-पहिली. सॅडल सरकलं की दोन्ही तारांची लांबी एकदमच बदलते. इंटोनेशन लावणं म्हणजे मोकळी तार सुरात असताना फ्रेटवर (नेकवरच्या पट्टीवर) दाबलेला सूरही खरा लागेल असं करणं. पण सहाही तारा बाराव्या फ्रेटला तंतोतंत लागतील, असं या ब्रिजवर होत नाही. थोडा फरक राहणारच. तो किती ठेवायचा आणि कोणत्या तारेच्या वाट्याला द्यायचा, हे मात्र आपल्या हातात असतं.

एका तारेवर शून्य गाठण्याचा हट्ट

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो. तार फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. तो चढ भरून काढण्यासाठी सॅडल थोडं मागे, म्हणजे नेकपासून दूर ठेवावं लागतं. किती मागे, हे तारेच्या आतल्या पोलादी गाभ्याच्या जाडीवर बरंच अवलंबून असतं. चौथी तार गुंडाळलेली असते, म्हणजे गाभ्यावर दुसऱ्या तारेचे वेढे असतात, तिचा गाभा बारीक. आजच्या १०-४६ सेटमधली (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच, सगळ्यात जाड ०.०४६) तिसरी तार साधी असते, ०.०१७ इंचांची. दिसायला ती चौथीपेक्षा बारीक, पण तिचा गाभा चौथीच्या गाभ्यापेक्षा जाड. म्हणून तिसरीला चौथीपेक्षा साधारण दीड-दोन मिलिमीटर जास्त मागे जायचं असतं, आणि दोघी एकाच सॅडलवर बांधलेल्या.

पन्नासच्या दशकात तिसरी तारही गुंडाळलेली यायची, तेव्हा ही जोडी बऱ्यापैकी जुळायची. साठच्या दशकात साधी तिसरी तार असलेले हलके सेट रुळले आणि भांडण सुरू झालं.

आता हिशोब पाहू. टेलिकास्टरची स्केल लांबी, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. अर्ध्या सुराचे १०० भाग केले तर एक भाग म्हणजे १ सेंट. सॅडल १ मिलिमीटर सरकवलं आणि मोकळी तार पुन्हा सुरात आणली की बाराव्या फ्रेटवर साधारण २.७ सेंटचा फरक पडतो. म्हणजे चौथी शून्यावर आणली तर तिसरी चार-पाच सेंट चढलेली राहते. फरक दोघींत वाटून टाका: तिसरी दोन-अडीच सेंट चढी, चौथी तेवढीच उतरलेली. एवढा फरक वाजवताना कानाला टोचत नाही, पाच सेंटचा टोचू शकतो. एकाच तारेवर जास्त सोलो वाजवत असाल तर झुकतं माप तिला द्या. बाकीच्या दोन जोड्यांतला फरक लहान असतो, तिथेही अर्धा-अर्धा वाटला की काम होतं.

आधी इंटोनेशन, मग बाकीचं

हा क्रम उलटा आहे. तारा नव्या हव्यात आणि नीट ओढून बसवलेल्या हव्यात. घामाने गंजलेली, फ्रेटच्या जागी चपटी झालेली तार कुठल्याच सॅडलवर खरी लागत नाही. मग ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळीने) नेकचा बाक, मग सॅडलच्या दोन छोट्या स्क्रूंनी तारांची उंची, मग नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी), आणि शेवटी इंटोनेशन. उंची बदलली की दाबताना होणारा ताण बदलतो आणि आधी केलेली सगळी मेहनत वाया जाते.

नटकडे तर मुद्दाम पाहा. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर सूर चढतोय आणि बाराव्यावर ठीक आहे, तर दोष बहुतेक वेळा नटच्या खाचेत असतो. खाच उथळ असली की तार उंच राहते आणि खालच्या कॉर्डमध्ये चढते. अशा वेळी सॅडल सरकवून काही हाती लागत नाही, उलट वरचे फ्रेटही बिघडतात.

मोजताना होणाऱ्या चुका

गिटार टेबलावर आडवी ठेवून मोजू नका. वाजवताना जशी धरता तशीच मांडीवर घ्या आणि नेहमी दाबता तेवढ्याच जोराने तार दाबा. काळजीपोटी घट्ट दाबलं की सूर दोन-तीन सेंट सहज चढतो आणि तुम्ही सॅडल विनाकारण मागे नेता.

आपल्याकडे मे महिन्यात खोलीत कूलर धडधडत असतो. त्या आवाजात फोनच्या माइकवरचा ट्यूनर भरकटतो, म्हणून गिटार केबलने थेट ट्यूनरला जोडा. नेक पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, नेकजवळचा भाग) निवडा, व्हॉल्यूम पूर्ण, टोन कमी. तो पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर त्याचं चुंबक जाड तारांना ओढतं आणि ट्यूनर एका जागी थांबत नाही. पिकअप थोडा खाली घ्या.

मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर यांची तुलना करा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, म्हणजे स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवा. उतरलेला असेल तर पुढे. स्क्रू फिरवण्याआधी दोन्ही तारा सैल करा. ताणलेल्या तारांखाली सॅडल ओढलं की स्क्रूचं डोकं झिजतं आणि तारेला खोच पडते. त्या मुलाच्या स्क्रूचं तेच झालं होतं. प्रत्येक वेळी अर्धा फेरा फिरवा, दोन्ही तारा पुन्हा सुरात आणा, सॅडलच्या पुढे तार बोटाने हलकेच दाबून बसवा आणि मगच पुन्हा मोजा. शेजारच्या तारेकडे न बघता एकीचंच मोजत राहणं ही या ब्रिजवरची हमखास चूक आहे.

कान आणि कीबोर्ड

नागपुरात अनेक गिटारवादक हार्मोनियम, तानपुरा ऐकत वाढतात. तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, गिटारच्या फ्रेटवरचा ४०० वर. हा १४ सेंटचा फरक कानाला "चढा" वाटतो, आणि माणूस ई मेजर कॉर्ड गोड लागावी म्हणून तिसरी तार उतरवतो. मग तीच तार डी मेजरमध्ये बेसूर होते आणि दोष सॅडलला दिला जातो. सतारीचा पडदा सरकवता येतो, फ्रेट सरकवता येत नाही. कीबोर्डसोबत वाजवायचं असेल तर तारा ट्यूनरनेच लावा आणि एखादी कॉर्ड गोड करण्यासाठी तिसरीला हात लावू नका. साथीला हार्मोनियम असेल तर आधी तिचा सूर तपासा. ती ४४० हर्ट्झवर नसेल तर ट्यूनर तिच्या सुरावर आणा.

एवढं करूनही मधली जोडी खटकत असेल तर दोन मार्ग आहेत. गुंडाळलेली तिसरी तार लावा. ती बेंड करायला, म्हणजे बोटाने ओढून सूर चढवायला, जड जाते आणि नटची खाच थोडी रुंद करावी लागते, पण कॉर्ड वाजवणाऱ्याला ती चालते. नाहीतर तिरकी सॅडल घ्या, ज्यांत स्क्रूचं भोक तिरपं पाडलेलं असतं किंवा दोन तारांसाठी वेगवेगळ्या पायऱ्या कापलेल्या असतात. अमेरिकन गिटारवादक डॅनी गॅटनसाठी जो बार्डनने बनवलेली सॅडल याच धाटणीची. मधला स्क्रू किंचित वाकवून सॅडल तिरकं करण्याची जुनी युक्तीही आहे, पण जुन्या गिटारच्या मूळ स्क्रूवर ती करून पाहू नये असं माझं ठाम मत आहे. त्या मुलाला मी तिरकी सॅडल सुचवली. त्याआधी त्याने नुसता फरक वाटून घेतला आणि तालमीत कीबोर्डसोबत वाजवून पाहिलं. सॅडल घ्यायची वेळच आली नाही.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि कोरडी हवा, आत कूलरचा ओलावा, मग जूनपासून पाऊस: लाकूड या सगळ्याला उत्तर देतं आणि नेकचा बाक बदलतो. उन्हाळ्यात लावलेली गिटार पोळा-मारबतीच्या सुमारास पुन्हा तपासा. आधी बाक, मग उंची, आणि त्यानंतर मधल्या सॅडलवरची तिसरी-चौथीची जोडी.