अकस्मात मृत्यूचे जुने कागद आणि तुमची वंशावळ

पूर्वजांपैकी कुणी विहिरीत पडून, साप चावून किंवा गिरणीतल्या अपघातात गेल्याचं घरात ऐकलं असेल, तर वंशावळ जुळवताना ती गोष्ट सोडून देऊ नका. मुंबईत अशा मृत्यूंची चौकशी 1999 पर्यंत कॉरोनर हा खास नेमलेला अधिकारी करत असे. पणजोबा सोलापूर सोडून मुंबईच्या गिरणीत गेले असतील, तर त्यांचा शोध तिकडच्या कागदांत घ्या. सोलापुरात हे काम पोलिसांचं. ते पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करत.

पंचनामा हाती लागला तर निष्कर्षाआधी नावं वाचा. प्रेत कुणी ओळखलं, मयताशी त्याचं नातं काय, पंच कुठल्या गल्लीतले? भावकीचा हरवलेला धागा इथे सापडू शकतो. अंगावरचं गोंदण, लुगड्याचा रंग, कानातली भिकबाळी... ज्या माणसाचा एकही फोटो नाही, त्याचं इतकं जवळून वर्णन दुसरीकडे मिळणं कठीण. वय मात्र अंदाजेच धरा. आणि ‘पाय घसरून विहिरीत पडली’ हे वाक्य सुनांच्या बाबतीत फार सावधपणे वाचा. पंचांना त्याच गावात राहायचं असे.

पोलीस ठाण्यातले जुने कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. म्हणून आधी तहसील कचेरीत गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मागा. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. तारीख कळली की सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयांत त्या दिवसांची वर्तमानपत्रं आहेत का, ते विचारा.