गुलमर्गला निघालात? कापूर घरीच ठेवा

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं औषधांचं दुकान आहे. डिसेंबर लागला की काउंटरवर हमखास कुणीतरी येतं, "ताई, गुलमर्गला चाललोय, डायमॉक्स द्या आणि थोडा कापूरपण." डायमॉक्स ही उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, आणि कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो असा समज. मी स्कीइंग तिथेच शिकले आणि जमेल त्या हिवाळ्यात अजूनही जाते. त्यामुळे गोळ्या बाजूलाच राहतात आणि माझे प्रश्न सुरू होतात. पहिली रात्र कुठे, बरोबर वयस्कर कोण आहे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणली का?

कापराचं आधी उरकते. पुरचुंडी हुंगली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने तसूभरही वाढत नाही. लहान मुलाच्या पोटात गेला तर मात्र झटके येऊ शकतात. ऑक्सिजनचे ते हलके डबेही तसेच. काही मिनिटांत फुस्स होतात आणि विमानात नेऊ देत नाहीत. आमच्या गल्ल्याचं नुकसान झालं तरी चालेल, घेऊ नका.

आता उंची. आपण खाडीकाठची माणसं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर, श्रीनगर १,६००च्या जवळ, गुलमर्ग २,६५०. तिथून गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीला ३,०००च्या थोडा वर सोडतो आणि दुसरा अफरवतला, जवळपास ३,९५० मीटरवर. हवेत ऑक्सिजन सगळीकडे २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब गुलमर्गला ठाण्याच्या पाऊणपटीच्या आसपास आणि अफरवतला साठ टक्क्यांच्या जरा वर. म्हणून वर चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

धाप लागली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती सगळ्यांनाच लागते. त्रास बहुधा काही तासांनी, पहिल्या रात्री डोकं वर काढतो. डोकं ठणकतं, जेवण नको होतं, मळमळतं, झोप लागत नाही. लोक म्हणतात प्रवासाचा शीण आहे, पित्त झालंय, आणि सकाळी सरळ गोंडोलाच्या रांगेत उभे राहतात. तसं करू नका. डोकेदुखीच्या जोडीला मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या, पडून राहा. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर खाली तंगमर्गला, १३ किलोमीटरवर. बसल्या जागी धाप लागतेय, खोकल्यात फेस येतोय, चालताना तोल जातोय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, यातलं काहीही दिसलं तर उजाडायची वाट पाहू नका. ११२ किंवा १०८ लावा आणि त्याच क्षणी उतरायला लागा.

माझ्या मते मुळात आखणीच चुकते. ठाण्याहून निघालेलं कुटुंब पहिल्या दिवशी श्रीनगर आणि दुसऱ्या सकाळी थेट अफरवत करतं, कारण पॅकेजमध्ये तसं छापलेलं असतं. त्याच संध्याकाळी श्रीनगरला परतून झोपणार असाल तर धडधाकट माणसाचं सहसा निभावतं. पण गुलमर्गला मुक्काम असेल तर क्रम असा ठेवा: पहिली रात्र श्रीनगर, दुसऱ्या दुपारी गुलमर्ग आणि त्या दिवशी नुसतं रमतगमत फिरणं, गोंडोलाचा दुसरा टप्पा सगळ्यात शेवटी. हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी किंवा दमा असलेल्या काका-काकूंनी निघण्याआधी डॉक्टरांना "आम्ही ३,९५० मीटरवर जाणार" असं आकड्यानिशी सांगावं. नुसतं "काश्मीरला" म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे दल लेक येतो.

डायमॉक्स चिठ्ठीवरच मिळते. डॉक्टरांनी दिलीच तर प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा, कोल्ड्रिंक बेचव लागतं. हे अपेक्षितच आहे. दरवर्षी कुणीतरी घाबरून मला तिथून फोन करतं.

मधुमेह असेल तर हे नीट वाचा. इन्सुलिनचं पेन सॅकमध्ये नाही, अंगालगतच्या खिशात ठेवायचं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्ववत दिसलं तरी वापरायचं नाही, फेकायचं. ग्लुकोमीटरही गारठला की चालत नाही, आधी खोलीत कोमट होऊ द्या. खिशात राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की हवीच.

थंडीपेक्षा मला खोलीतल्या ऊबेची जास्त भीती वाटते. बुखारी (खोली तापवायची लाकूड-कोळशाची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांची टोपली), गॅसचा हीटर यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग. फटी बुजवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या काश्मिरात हिवाळ्यात येतात. खोली घेतानाच विचारा, हीटिंग कशावर आहे? जळतं काही असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि झोपण्यापूर्वी ते विझवा. विजेचं पांघरूण असलेली खोली मिळाली तर चार पैसे जास्त मोजा. डोकेदुखी खोलीतल्या सगळ्यांना एकदम सुरू झाली तर उंचीला दोष देण्याआधी दार उघडून बाहेर या.

उन्हाचं म्हणाल तर ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परतवतो. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन तिथेही खालून लागतं. अतिनील किरणं अडवणारा गॉगल हवाच, मुलांनाही. नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन उघडवत नाहीत.

कपड्यांत एकच हट्ट धरा, अंगालगत सुती नको. घामाने ओलं झालं की ते सुकत नाही. कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्याने मिळतात. बर्फ पडत असेल तर तिथून वर चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच घ्या.

स्कीइंग पहिल्यांदाच करणार असाल तर गोल्फ कोर्सच्या बाजूच्या सौम्य उतारावर प्रशिक्षक घेऊन शिका. हेल्मेट मागून घ्या. स्कीच्या बुटात मोजे एकच जोडी, लांब आणि पातळ. दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बूट घालून गुडघे पुढे वाकवा. टाच उचलली जात असेल तर बूट बदलून मागा, लाजू नका. वजन आणि "मी नवखी आहे" हे दुकानदाराला सांगा, कारण पडल्यावर स्की सुटणार की नाही हे त्यावर ठरतं. ती सुटली नाही तर गुडघा जातो. तोल गेला तर बाजूला पडा आणि बर्फावर हात टेकून स्वतःला थांबवायला जाऊ नका, अंगठा दुखावतो.

अफरवतला दोरी लावलेली असेल तर तिच्यापलीकडे फोटोसाठीही पाऊल टाकू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर याच डोंगरावर गेले. बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचा ट्रान्सीव्हर, चाचपायची लांब काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं वापरता येत नसेल तर तो भाग आपला नाही. वाऱ्यामुळे गोंडोला थांबवली तर कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. जून २०१७ मध्ये वाऱ्याने झाड रोपवेवर कोसळून सात जण गेले होते. तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत साइटवरूनच काढा.

राहिलं सिमचं. दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड कार्ड तिथे चालत नाही, ग्रुपमधल्या निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर बरीच ठिकाणं बंद करून टप्प्याटप्प्याने उघडली गेली, तेव्हा बुकिंगआधी काय उघडं आहे ते पाहा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्रीनगरला येऊन राहा, कारण बर्फ पडला की सगळ्यात आधी तंगमर्गचा घाट तुंबतो.