पावसाळ्यात गिनीपिगला गजकर्ण झालं तर

नाशकात पाऊस लागला की गॅलरीतला पिंजरा धड कोरडा राहत नाही. खालचं कापड दमट, गवताला कुबट वास, आणि मग एक दिवस गिनीपिगच्या नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याभोवती केस गळून पांढरे पापुद्रे दिसतात. बहुतेक वेळा हे ट्रायकोफायटन नावाच्या बुरशीचं गजकर्ण असतं. चेहऱ्यावरून ते कानांवर, पाठीवर उतरतं.

औषधाआधी निदान हवंच. गिनीपिग बेचैन होऊन सारखा खाजवत असेल, हात लावताच किंचाळत असेल, तर खरजेचे सूक्ष्म किडे असण्याची शक्यता जास्त. त्यावर बुरशीचं मलम काही करत नाही. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले आणि खाज नसेल, तर अंडाशयातल्या गाठी तपासाव्या लागतात. कानामागचा छोटा टकला ठिपका मात्र सगळ्यांनाच असतो. प्राण्यांचे डॉक्टर चट्ट्याच्या कडेचे केस आणि पापुद्रे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, दोन-तीन आठवडे लागू शकतात. डॉक्टरांच्या तपासणीच्या निळ्या दिव्याखाली (वूड्स लॅम्प) चट्टा चमकला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, ट्रायकोफायटन सहसा चमकतच नाही.

एक-दोनच चट्टे असतील तर डॉक्टर बहुधा १ टक्का क्लोट्रिमॅझोल किंवा २ टक्के मायकोनॅझोलचं साधं मलम देतात. ते दिवसातून दोनदा, पातळ थरात, चट्ट्याच्या बाहेर सेंटिमीटरभरापर्यंत लावा. बाहेरून आत या, म्हणजे बुरशी निरोगी कातडीवर ओढली जात नाही. लावल्यावर पंधरा मिनिटं मांडीवर धरून कोथिंबिरीच्या काड्या खायला द्या आणि उरलेलं मलम टिपून घ्या, नाहीतर ते चाटलं जातं. मेडिकलमध्ये सहज मिळणारी ‘तीन-इन-वन’ मलमं कटाक्षाने टाळा. त्यातल्या स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत पसरत राहते. खोबरेल, हळद, कडुनिंबाचं तेलही नको: केस चिकटतात, चट्टा झाकला जातो आणि सगळं पोटात जातं.

चट्टे जास्त असले तर पोटातून औषध लागतं, बहुधा इट्राकोनॅझोल, किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, रोज एकदा. ९०० ग्रॅमच्या गिनीपिगला ५ च्या हिशेबाने साडेचार मिलिग्रॅम होतात. माणसांची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल फोडून त्यातले दाणे घरी अचूक वाटता येत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडून पातळ औषधच मागा. मादी गाभण असेल तर ते आधी सांगा. किचनच्या काट्यावर रोज वजन करा; वजन घटलं किंवा खाणं मंदावलं तर त्याच दिवशी फोन करा.

खरी मेहनत पिंजऱ्याची. गळलेल्या केसांवरचे बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून चट्टा बरा होतो आणि पुन्हा उगवतो. उपचार चालू असताना कापडाऐवजी वर्तमानपत्र घाला आणि रोज फेका. लाकडी घर टाकून द्या, पुठ्ठ्याचं वापरा. आठवड्यातून दोनदा गिनीपिगला दुसऱ्या खोलीत हलवून पिंजरा आधी साबणाने स्वच्छ धुवा. मुत्रातल्या अमोनियावर ब्लीच पडलं तर घातक वाफ निघते, म्हणून हा क्रम मोडू नका. मग लिटरभर पाण्यात ३० मिली घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, खळखळून धुवा, पूर्ण वाळवा. फिनेल किंवा अ‍ॅसिड त्यात मिसळायचं नाही.

गिनीपिगला आंघोळ घालू नका. ओल्या हवेत सर्दीचं न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, तेव्हा रोज ढोबळी मिरचीचे ३० ग्रॅम तुकडे द्या. पाण्यात थेंब टाकण्यात अर्थ नाही, ते लवकर निकामी होतात.

चार ते सहा आठवडे धरून चाला. केस उगवले तरी लगेच थांबू नका. दोन कल्चर स्वच्छ आले की डॉक्टर औषध बंद करतात. सोबतचा गिनीपिग निरोगी दिसत असला तरी वाहक असू शकतो, त्यालाही तपासा.

हे गजकर्ण माणसालाही होतं. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, लहान मुलांना लांब ठेवा. घरात कुणाला गोल, खाजणारा चट्टा उठला तर त्वचारोगतज्ज्ञांना गिनीपिग पाळल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे दोघांचे उपचार एकाच वेळी सुरू होतील.