‘इनक्रेडिबल हल्क’चा १८१वा अंक : विकत घेण्यापूर्वी प्रत कशी पारखावी

अमेरिकन प्रकाशक मार्व्हलच्या ‘द इनक्रेडिबल हल्क’ या कॉमिकचा १८१वा अंक, ज्याच्या मुखपृष्ठावर नोव्हेंबर १९७४ हा महिना छापलेला आहे, जगभरचे संग्राहक शोधत असतात, कारण पुढे ‘एक्स-मेन’मुळे गाजलेला वुल्व्हरिन हा नायक त्यात पहिल्यांदा पूर्णपणे वावरताना दिसतो. आधीच्या अंकात तो फक्त शेवटच्या चौकटीत डोकावून गेला होता. कथा लेन वीन यांची, चित्रे हर्ब ट्रिम्प यांची आणि त्या वेळची किंमत २५ सेंट. अंक तसा दुर्मीळ नाही, विक्रीला कुठे ना कुठे असतोच. दुर्मीळ आहे ती काहीही न हरवलेली, स्वच्छ प्रत, आणि त्यामुळेच दोन प्रतींच्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो.

मुखपृष्ठ कितीही चकचकीत दिसले तरी तपासणीची सुरुवात आतल्या, वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या पानापासून करावी. मार्व्हलने १९७४ पासून आपल्या अंकांत ‘व्हॅल्यू स्टॅम्प’ नावाची छोटी चित्रतिकिटे छापायला सुरुवात केली होती आणि ती कापून एका वहीत चिकटवावीत, असे वाचकांना सुचवले होते. पहिल्या मालिकेत अशी १०० तिकिटे होती. या अंकात पत्रव्यवहाराच्या पानावर शॅना द शी-डेव्हिल या नायिकेचे ५४ क्रमांकाचे तिकीट आहे. मुलांनी सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे कात्री चालवली, आणि त्याची किंमत आजचे संग्राहक मोजत आहेत. तिकीट कापलेली प्रत बाहेरून कितीही देखणी असली तरी ती अपूर्णच धरली जाते. तिकीट जागेवर असले तरी त्याच्या कडांवरून भिंग फिरवावे आणि पान उजेडासमोर धरून पाहावे, कारण हेच तिकीट इतर स्वस्त अंकांतही छापलेले होते आणि तिथून कापून ते इथे चिकटवणारे लोक आहेत. कापल्याची रेष, डिंकाचा जाडसरपणा किंवा मागच्या बाजूचा न जुळणारा मजकूर यांवरून ही जोडणी ओळखू येते.

त्यानंतर पाने मोजावीत. मुखपृष्ठ सोडून आत ३२ पाने, म्हणजे १६ कागद असायला हवेत. मधले जोडपान दोन्ही पिनांना धरून आहे का, हे हलक्या हाताने पाहावे. प्रत प्लास्टिकच्या पिशवीतून काढताना पिशवीच्या झाकणाची चिकटपट्टी आधी पूर्ण सोडवून घ्यावी, नाहीतर बाहेर येता येता मुखपृष्ठ तिलाच चिकटते. हात कोरडे असावेत, प्रत सपाट टेबलावर ठेवावी आणि ती पूर्ण उलगडून दाबू नये.

आता मुखपृष्ठ. प्रत तिरप्या उजेडात धरली की कण्यालगतच्या, म्हणजे पिना असलेल्या घडीजवळच्या, बारीक आडव्या रेषा दिसतात. रंग तुटून पांढरा कागद दिसत असेल तर तो दोष कायमचा आहे. रंग शाबूत ठेवून नुसता पडलेला वाक मात्र व्यावसायिक दाबणीने कमी होऊ शकतो. टपालाने वर्गणीदाराकडे गेलेल्या प्रतींवर मधोमध उभी घडी सापडते. विक्रेत्याने उमटवलेला तारखेचा शिक्का छापील महिन्याच्या दोन-तीन महिने आधीचा असेल तर शंका घेण्याचे कारण नाही, कारण अंक तेव्हा तितके आधीच विक्रीला येत. पिनांचा गंज कागदात उतरला आहे का, हे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूने पाहावे. पाने पांढरट आहेत की तपकिरी, हेही तिथेच कळते. न्यूजप्रिंटमधले (वृत्तपत्री कागदातले) लिग्निन हे लाकडातून आलेले द्रव्य हवा आणि उजेड यांमुळे पिवळे पडते आणि कागद ठिसूळ होतो.

प्रतीच्या स्थितीची श्रेणी ०.५ ते १० या मापावर दिली जाते. ९.४ म्हणजे जवळजवळ नवी, ६.० म्हणजे वाचलेली पण नीट सांभाळलेली आणि २.० म्हणजे झिजलेली तरीही बहुतांशी पूर्ण प्रत. २००० साली अमेरिकेत सुरू झालेली सीजीसी ही संस्था प्रत तपासून प्लास्टिकच्या कठीण आवरणात सीलबंद करते. तिचे निळे लेबल सर्वसाधारण प्रतीला मिळते, जांभळे डागडुजी केलेल्या प्रतीला, तर एखादा मोठा दोष वगळून श्रेणी दिली असेल तर हिरवे. तिकीट कापलेल्या प्रती अनेकदा या हिरव्या लेबलाखाली सापडतात. माझ्या मते हिरव्या लेबलावरच्या ८.० पेक्षा निळ्या लेबलावरची ४.० ची पूर्ण प्रत घ्यावी, कारण पुढे विकताना पहिला प्रश्न तिकिटाचाच येतो.

सीलबंद नसलेल्या प्रतीत डागडुजी शोधावी लागते. कण्यावर मार्करने रंग भरला असेल तर तो आतल्या बाजूला पाझरलेला दिसतो आणि अतिनील दिव्याखाली वेगळा उठून दिसतो. कडा संशयास्पद कोऱ्या वाटल्या तर मोजमाप घ्यावे; त्या काळचे अंक साधारण सव्वादहा इंच उंच असत आणि कडा छाटलेली प्रत त्याहून लहान भरते. किंमत आणि प्रकाशनाचा बारीक मजकूर न चुकता वाचावा, कारण मार्व्हलने या अंकाच्या हुबेहूब पुनर्मुद्रित आवृत्त्याही काढलेल्या आहेत. पुण्यात किंवा नागपुरात बसून परदेशातून प्रत मागवायची असेल तर मुखपृष्ठ, मलपृष्ठ, आतून दिसणाऱ्या पिना, मधले जोडपान आणि तिकिटाचे पान, एवढी छायाचित्रे पैसे देण्याआधी मागावीत. ती द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्यावा.

प्रत हाती आली की घरच्या घरी इस्त्री, खोडरबर किंवा चिकटपट्टी यांपैकी काहीही वापरू नये. आम्लरहित पुठ्ठा मागे घालून ती पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत उभी ठेवावी आणि पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावी. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात पिनांना गंज चढतो आणि कसरही लागते, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या वेळोवेळी बदलाव्यात.